पेशंटचं पुढचं वाक्य

माझी लेक माझ्याशी गोड बोलायला लागली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

एरवी ती रविवारी सकाळी येते. दारात चपला काढता काढता "गोळी घेतलीस?" विचारते, माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळते, मग स्वयंपाकघरात शिरून मी लपवलेलं वेफर्सचं पुडकं हुडकून काढते आणि मला फैलावर घेते. तासाभरात निघूनही जाते. हे आमचं मायलेकींचं प्रेम. त्या रविवारी मात्र तिनं पट्टा काढलाच नाही. वेफर्सचं पुडकं तिनं स्वतःच आणलं होतं. "खा गं, काही होत नाही," म्हणाली. मी खाल्ले.

स्कॅन त्याआधीच्या आठवड्यात झाला होता. मोठ्यानं वाचताना मला धाप लागायला लागली होती. एक परिच्छेद संपेपर्यंत थांबून श्वास घ्यावा लागे. तिनंच तपासण्या करायला लावल्या. रिपोर्ट आल्यावर म्हणाली, "फुप्फुसावर जुना डाग आहे. कधीतरी न्यूमोनिया होऊन गेला असणार. बघू." हे सगळं ती खिडकीकडे बघत म्हणाली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे.

पोटच्या पोरीचं खोटं मला कळणार नाही होय? पण मी विचारलं नाही. रिपोर्ट मला कुणाकडूनही मिळाला असता. तिच्या रुग्णालयात अर्धे डॉक्टर मला ओळखतात. मला तो तिच्या तोंडून हवा होता. कित्येक वर्षांत तिनं मला मनातलं असं काही सांगितलेलं नव्हतं. निदान हे तरी ती सांगेल, एवढ्यावर मी अडून बसले.

लहानपणी ती अशी नव्हती. गोष्ट सांगायला घेतली की मला एक वाक्य धड पुरं करू द्यायची नाही. "मग त्याला भूक नाही लागली?", "तिची आई कुठे होती?", "तो खोटं का बोलला?" वैताग यायचा. तिचे बाबा हसायचे. जन्मली तेव्हा चिमूटभर होती म्हणून तिला ते 'चिमटी' म्हणत. चिमटीला उत्तर दिल्याशिवाय आमच्या घरात कुणाची सुटका नव्हती.

मग चिमटी डॉक्टर झाली आणि झाली न झाली तोच तिचे बाबा आजारी पडले. पोटाचा आजार, फार पुढे गेलेला. तिच्याच रुग्णालयात, तिच्याच वॉर्डात होते. वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, तुझेच वडील आहेत, तूच सांग. तिनं सांगितलं. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून, हात मागे बांधून, परीक्षेत उत्तर द्यावं तसं सगळं सांगितलं. आजाराचं नाव, कुठे कुठे पसरलाय, किती दिवस हातात आहेत. एक शब्द चुकला नाही. हे ऐकलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पुढे बोलले, हसलेही, पण ते दोन दिवस तिच्या मनातून गेले नाहीत. मी हजार वेळा सांगितलं, "अगं, ते तुझ्यावर रागावले नव्हते. तुझा चेहरा बघवेना म्हणून तिकडे वळले." ती मान हलवायची, म्हणजे ऐकलं म्हणायची, म्हणजे पटलं नाही.

ते गेल्यावर ती रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली आणि हळूहळू 'मॅडम' झाली. तिथे शिकणारी डॉक्टर पोरं तिला टरकून असतात. तिचं निदान चुकत नाही म्हणतात. असेल. मला मॅडमचा अभिमान आहे, पण माझी चिमटी मला पुन्हा कुणी आणून दिली नाही.

म्हणूनच तिच्या रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाते मला बोलवायला आले तेव्हा मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. जन्मभर मी महाविद्यालयात साहित्य शिकवलं आणि निवृत्त होऊन घरात बसले होते. ते म्हणाले, "बाई, आमच्या मुलांना नीतिशास्त्राचं पुस्तक पाठ आहे. रुग्णाचा हक्क, संमती, गोपनीयता, सगळं घडाघडा म्हणतात. पण माणसासमोर उभं केलं की बोबडी वळते. तुम्ही त्यांना गोष्टी वाचून दाखवाल का?" मी होकार दिला. लोकांच्या लेकरांना तरी कुणीतरी सांगायला हवं, कुठे उभं राहायचं ते. आणि खरं सांगायचं तर आणखी एक हाव होती. लेक निदान जाता-येता दिसेल.

वर्ग भरायचा तो एका लांबट खोलीत. कोपऱ्यात सांगाडा, भिंतीवर एक्स-रे बघायचा दिवा, आणि फॉर्मॅलिनचा असा वास की पहिले दोन आठवडे घरी जाऊन मला जेवण जाईना. मुलं एप्रनच्या खिशात हातमोजे, कापूस, अर्धवट बिस्किटं कोंबून यायची. पहिल्या दिवशी मी एका विधुराची गोष्ट वाचली. बायको गेल्यावर तो रोज दोन कप चहा करतो. वाचून झाल्यावर म्हटलं, सांगा आता या माणसाबद्दल. एक मुलगी ताडकन उठली आणि म्हणाली, "पासष्ट वर्षांचा पुरुष, झोप न लागण्याची तक्रार, मधुमेहाचा इतिहास नाही, चहाचं अतिसेवन." मी डोक्याला हात लावला.

त्यावर मी एक रीत पाडली. गोष्ट अर्ध्यावर आणायची, जिथे डॉक्टर काहीतरी बोलतो तिथे पुस्तक मिटायचं. मग प्रत्येकानं पेशंटचं पुढचं वाक्य बोलायचं. 'तो म्हणेल', 'पेशंटला वाटेल' असलं काही चालणार नाही. 'मी' म्हणूनच बोलायचं. सुरुवातीला त्यांची जीभ रेटत नव्हती. दुसऱ्याच्या पोटावर सुरी चालवायला जी मुलं कचरत नाहीत, ती 'मला भीती वाटते' एवढं म्हणायला घामाघूम व्हायची. पण जमायला लागलं. चहाचं अतिसेवन काढणारीला मी 'वकीलबाई' म्हणायला लागले, कारण ती प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी घ्यायची. एक मुलगा रात्रपाळी करून यायचा आणि सांगाड्याला टेकून झोपायचा. तो 'पेंगुळ'. आणि एक उंच, अबोल मुलगी होती, तिला आम्ही सगळे नुसतं 'उंच' म्हणायचो. तिच्या डोळ्यांत कायम पाणी यायच्या बेतात असायचं. मी तिला बजावलं होतं, "अगं, डॉक्टर हो, नळ होऊ नकोस."

माझी लेक या वर्गात कधी आली नाही. "आई, त्यांना झोपायला वेळ नाही आणि तू गोष्टी कसल्या वाचतेस?" एवढंच एकदा म्हणाली होती. पण राउंड संपवून ती त्याच बोळातून जायची. तिची पावलं मला शंभरांत ओळखू येतात. दारापाशी ती जराशी मंद व्हायची. मी वाचता वाचता आवाज थोडा चढवायची, आत ये म्हणून. पावलं पुन्हा भराभर पुढे निघून जायची. दर वेळी मी आशा करायची आणि दर वेळी वाक्य हरवायची.

तर त्या वेफर्सच्या रविवारनंतरचा वर्ग. मी मुद्दाम काही निवडलं नव्हतं, ठरलेली गोष्टच होती. एक घड्याळजी असतो. त्याला असाध्य आजार झालाय. डॉक्टर आणि घरची माणसं आपसात ठरवतात की त्याला सांगायचं नाही. डॉक्टर त्याला म्हणतो, "थोडा अशक्तपणा आहे, विश्रांती घ्या." मी तिथे पुस्तक मिटलं. धाप लागली होती म्हणून जरा थांबले आणि म्हटलं, "चला, घड्याळजी व्हा."

कुणी बोलेना.

एरवी वकीलबाई माझं वाक्य संपायच्या आत सुरू व्हायची. ती वहीच्या कोपऱ्यावर पेनानं रेघोट्या मारत बसली. मागच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघत होती आणि मी त्यांच्याकडे बघितलं की छताकडे. मी म्हटलं, "काय रे, सगळ्यांनी एकदम मौनव्रत घेतलंय का?" माझ्या विनोदाला ती नेहमी उपकार केल्यासारखी हसतात. आज तेवढंही नाही. मग सांगाड्याजवळून पेंगुळ बोलला. आज तो चक्क जागा होता.

"मी घड्याळजी," तो म्हणाला, "मला कुणी काही सांगितलं नाही. पण घरातले सगळे अचानक माझ्याशी फार गोड वागायला लागलेत. त्यावरून मला कळलंय."

हे बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. उंचचा नळ सुरू झाला. आणि वकीलबाई, जिला मी वर्षभरात कधी मऊ आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, ती म्हणाली, "बाई, आज गोष्ट नको. प्लीज."

मी खुर्चीत बसले. म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे."

हळूहळू वकीलबाईनं सांगितलं. दर आठवड्याला मोठे डॉक्टर एकत्र बसून अवघड रुग्णांवर चर्चा करतात आणि ही मुलं मागे बसून ऐकतात. तिथे रुग्णाचं नाव सांगायचं नाही असा दंडक आहे, आणि तो पाळला गेला. पडद्यावर माझा स्कॅन लावला. छातीच्या डॉक्टरांनी वाचलं, "स्त्री, अडुसष्ट वर्षं, निवृत्त प्राध्यापिका, मोठ्यानं वाचताना धाप लागते." बस्स, एवढंच. आणि मागच्या रांगेत बसलेल्या तीसच्या तीस पोरांनी मला ओळखलं. पहिल्या रांगेत माझी लेक बसली होती. चर्चेच्या शेवटी छातीचे डॉक्टर तिला हळूच म्हणाले होते, "मॅडम, तुमच्याच आई आहेत, तुम्हीच सांगा."

पुन्हा तेच वाक्य! मला त्या भल्या माणसाचा इतका संताप आला की वाटलं, त्यालाच आणून या बाकावर बसवावं. एका पोरीला किती वेळा तेच काम सांगाल?

"बाई, आम्ही बोलायला नको होतं," वकीलबाई म्हणाली. "हा गोपनीयतेचा भंग आहे."

"तू काही बोलली नाहीस. घड्याळजी बोलला," मी म्हटलं. "आणि आता पुढचं माझं मी बघते. कुणी मॅडमना सांगायचं नाही. ही पण गोपनीयताच."

वर्ग सोडून मी बोळात आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला मरणाची भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. वाटली. पण त्या भीतीच्याही वर एक गोष्ट येऊन बसली होती: हे सगळं पोटात ठेवून ती पोरगी वेफर्स घेऊन आली होती. दुकानात उभी राहून तिनं पुडकं निवडलं असेल. ते डोळ्यांसमोर आलं आणि मला तिथेच रडू फुटलं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, आत्ता, या क्षणी. आणि ती मॅडम तर कुणाला हात लावू देत नाही.

मी खाली ओपीडीत गेले. खिडकीवर केस पेपर काढला. खिडकीतला माणूस म्हणाला, "अहो, मॅडमच्या आई ना तुम्ही? सरळ जा की आत." मी म्हटलं, "रांगेतूनच जाते." बाकावर एका गुडघेदुखीवाल्या बाईंच्या शेजारी बसले. त्या बाईंनी मला त्यांच्या सुनेची सगळी कुंडली ऐकवली. त्या सुनेबद्दल माझं मत फार चांगलं झालं.

माझा नंबर आला. लेक मान खाली घालून लिहीत होती. "बसा. काय त्रास होतोय?" तिनं विचारलं.

"मोठ्यानं वाचताना धाप लागते," मी म्हटलं.

पेन थांबलं. तिनं वर बघितलं. मग तिनं शेजारच्या नर्सला बाहेर पाठवलं, उठून दार लावलं, आणि टेबलापलीकडची आपली खुर्ची ओढून माझ्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आणून बसली. माझ्या वर्गात मी हेच शिकवते. दार लावा, जवळ बसा, डोळ्यांत बघा. कुठे शिकली, देव जाणे. बोळातून जाता जाता ऐकलं असेल.

"मी जुना डाग म्हणाले, ते खोटं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी स्थिर होता. "डाव्या फुप्फुसात गाठ आहे. बहुधा कॅन्सर आहे. सुई घालून तुकडा काढून तपासावा लागेल. पसरलाय का, ते अजून माहीत नाही. तपासणी लवकर करायला हवी होती. मी उशीर केला. तुला काय वाटतंय, काय विचारायचंय, ते विचार. मी खरं सांगेन."

इतकं नीट कुणी सांगितलं नसतं. माझ्या वर्गात मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. आणि तरी माझं मन भरलं नाही. मला वाटायचं, ती सांगेल आणि मला माझी पोर मिळेल. समोर तर अजून डॉक्टरच बसली होती.

"छान सांगितलंत, डॉक्टर," मी म्हटलं. "आता माझ्या लेकीला बोलवा."

गळ्यातला स्टेथोस्कोप काढून तिनं टेबलावर ठेवला. मग एकदम तिचा बांध फुटला. लहानपणी पडल्यावर आधी श्वास कोंडायचा आणि मग ती भोकाड पसरायची, अगदी तसा.

"मला नव्हतं सांगायचं गं," ती म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं तोवर रविवारी घरी आलं की तू नुसती माझी आई होतीस. सांगितलं की पेशंट होणार. माझ्याकडे इतके पेशंट आहेत, आई. आई एकच आहे. आणि बाबांसारखं तूही... तूही तिकडे तोंड केलंस तर?"

"मी कुठे बघतेय सांग बरं?" मी म्हटलं.

तिनं डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. "माझ्याकडे."

"मग झालं तर. आणि हे बघ चिमटे, मला भीती वाटतेय. खूप वाटतेय. पण तुला सोडून दुसरीकडे बघायची मला मुळीच हौस नाही."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. केसांना स्पिरिटचा वास येत होता आणि कानामागचे दोन-चार केस पांढरे झाले होते. ते कधी झाले, मला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्यावरून हात फिरवत राहिले. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. ती तशीच राहिली.

"तपासणी उद्याच करू," ती नाक ओढत म्हणाली. "मी आत नसेन. दुसरे डॉक्टर करतील. मी बाहेर बसेन, बाकीच्या नातेवाइकांसारखी."

"बस की. मीही तुझ्यासाठी कमी बसलेली नाही."

"आणि आज मी घरी येते. राहायला. येऊ ना?"

तिचे बाबा गेल्यापासून हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. दर रविवारी दार लावताना वाटायचं, आज म्हणेल. क्षणभर मनात एक वेडगळ विचार आला, की एवढ्यावर भागणार होतं तर आधीच आजारी पडले असते. तिला तो सांगितला नाही. "ये," एवढंच म्हटलं, "पण माझी गादी मऊ आहे, तुझ्या पाठीला चालायची नाही."

"मला चालेल," ती म्हणाली.

तिनं तोंड धुतलं, स्टेथोस्कोप पुन्हा गळ्यात घातला. बाहेर रांग मोठी होती, तिला सोडून येता येणार नव्हतं आणि मीही तिला तसं करू दिलं नसतं. "अजून दोन तास लागतील मला. तू घरी जा, मी येते," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन त्याच बाकावर बसले.

गुडघेदुखीवाल्या बाई अजून तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "तुमचा नंबर झाला ना? डॉक्टरांनी बघितलं ना तुम्हाला?"

"बघितलं."

"मग आता कुणाची वाट बघताय?"

"माझ्या लेकीची," मी म्हटलं. "ती आज घरी येणार आहे."